एक शिलिंग चार पेन्स

मी फौजदारी वकील. जिल्हा न्यायालयात बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभी राहत आले. त्यामुळे जुना खटला वाचतानाही आधी कबुली, साक्षी, मुद्देमाल बघते, निकाल मागाहून. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १७३४ च्या फेब्रुवारीत चाललेला ज्यूडिथ डुफोरचा खटला असाच वाचला. (काही ठिकाणी १७३३ सापडेल. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं.) दारू प्यायलेली बाई किती क्रूर होऊ शकते, याचा दाखला म्हणून हे नाव आजही पुढे केलं जातं. या खटल्यात दारू आहे, क्रौर्यही आहे. पण दारू डोक्यात गेली आणि हात उठला, असा क्रम कागदावर नाही.

हकिगत थोडक्यात अशी. ज्यूडिथ पूर्व लंडनमध्ये रेशमाचा धागा पिळायच्या कामावर रात्रपाळी करायची. तिची दोन वर्षांची मुलगी मेरी पॅरिशच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयघरात होती. तिथे पोरीला नुकतेच नवे कपडे मिळाले होते. जानेवारीच्या अखेरीस ज्यूडिथ तिला काही तासांसाठी म्हणून बाहेर घेऊन आली. सोबत सुकी नावाची एक बाई होती. दोघींनी पोरीला बेथनल ग्रीनच्या शेतात नेलं, अंगावरचे कपडे काढले, रडू नये म्हणून गळ्याला रुमाल घट्ट आवळला आणि तिला चरात टाकलं. कोट आणि आतली चोळी एका शिलिंगला गेली, परकर आणि मोजे चार पेन्सला. पैशांची वाटणी झाली. मग दोघींनी मिळून पावशेर जिन घेतली. हा पावशेर म्हणजे पाइंटचा चौथा हिस्सा, जेमतेम अर्धा पेला. त्यानंतर ज्यूडिथ कामावर गेली आणि तिथेच आपण काय केलं ते बोलून बसली. मार्चमध्ये तिला टायबर्नच्या वधस्थळी फाशी झाली.

वकील म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, चोरीचा माल होता कपडे. आश्रयघराने पोरीला जुनेर नेसवलं असतं तर विकायला काहीच नव्हतं. दुसरी, कबुलीत जिन शेवटी येते, वाटणी झाल्यावर. नशेत केलेला गुन्हा आणि नशेसाठी केलेला गुन्हा यांत फरक आहे. पहिल्यात माणसाचा तोल गेलेला असतो. दुसऱ्यात हिशेब असतो, आणि तो हिशेब व्यसन करतं. सुकीने आपल्याला भरीला घातलं, असं ज्यूडिथ सांगत होती. तिच्या आईने साक्षीत सांगितलं की ज्यूडिथ कधी धड भानावर नव्हतीच, सदा भटकत असायची. आजच्या कोर्टात बचावाचा वकील या एका वाक्यावरून मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवेल.

त्या काळच्या लंडनमध्ये गल्लोगल्ली जिन मिळायची. एवढी जिन आली कुठून? फ्रान्सशी वैर म्हणून फ्रेंच ब्रँडी बंद झाली, आणि १६९० मध्ये संसदेने देशी धान्यापासून दारू गाळायला मोकळं रान दिलं. जमीनदारांचं धान्य खपलं, सरकारला कर मिळाला. १७२६ मध्ये मिडलसेक्सच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मोजदाद केली तर ६,१८७ ठिकाणी जिन विकली जात होती, आणि त्यात जुनं लंडन शहर धरलेलं नव्हतं. ही ठिकाणं म्हणजे किराणा दुकानं, तळघरं, हातगाड्या, टोपल्या. टोपलीवाल्यांत बायका पुष्कळ. विधवेला किंवा खेड्यातून येऊन कामाविना राहिलेल्या मुलीला हा धंदा उधारीवर सुरू करता यायचा. बिअरच्या गुत्त्यावर पुरुषांचं राज्य होतं. जिन कोपऱ्यावर उभं राहून बाईलाही पिता येई. लोकांनी या दारूला नावंही बाईचीच ठेवली: मदर जिन, मॅडम जिनिव्हा.

मग १७३६ चा कायदा आला. दोन गॅलनहून कमी जिन विकायची तर वर्षाला ५० पौंडांचा परवाना. मजुराची वर्षाची कमाई तेवढी नव्हती. बेकायदा विकणाऱ्याची खबर देईल त्याला ५ पौंडांचं बक्षीस. म्हणजे टोपलीवालीच्या शेजाऱ्यालाच सरकारने कामाला लावलं. बायकांचा खरा आक्रमकपणा बघायचा तर इथे बघावा. खबऱ्या ओळखला गेला की गल्ली त्याच्यावर तुटून पडायची. चिखल, दगड, नदीत बुचकळणं. काही जण जिवानिशी गेले. या जमावांत बायका होत्या, आणि खबऱ्यांतही बायका होत्या. ही मारहाण पेल्यातून उतरलेली नव्हती, पोटावर पाय आला म्हणून होती. प्रकरण इतकं वाढलं की १७३८ मध्ये खबऱ्यांवर टोळीने हल्ला करणाऱ्यांना काळ्या पाण्यावर धाडायचा कायदा करावा लागला.

विल्यम होगार्थचं 'जिन लेन' हे चित्र १७५१ चं. पायऱ्यांवर बसलेली बाई तपकीर घेतेय आणि तिच्या हातून मूल निसटून खाली पडतंय. चित्र बघणारा प्रत्येक जण त्या बाईला शिव्या घालतो. मी विद्यार्थ्यांना मागची गर्दी बघायला सांगते: तिथे मारामारी जुंपली आहे. पुढची बाई कुणाला मारत नाहीये. ती बेफिकीर आहे, गुंगीत आहे. तरी नाव तिचंच होतं. त्याच वर्षी न्यायदंडाधिकारी हेन्री फील्डिंगने जिनवर लिहिताना चिंता केली ती पोटातल्या मुलांची. सरकारला सैनिक आणि खलाशी हवे होते, आणि ते आईच्या पोटातून यायचे होते.

दारूचा आणि हिंसेचा संबंध मी नाकारत नाही. दारूने आवर सुटतो. त्याच मापात बाईच्या रक्तात दारूचं प्रमाण जास्त चढतं, कारण तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. तरीही प्रयोगशाळेत दारूने वाढणारी आक्रमकता पुरुषांतच अधिक ठळक दिसते. १९५६ च्या बसदेव खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला गुन्हा बघा: लग्नाच्या जेवणात जागेवरून सरक म्हटलं, पोरगा सरकला नाही, म्हणून पिऊन तर्र असलेल्या निवृत्त जमादाराने त्याच्यावर गोळी झाडली. यात हिशेब नाही, तोल गेलाय. सगळे वकील हा निकाल घोकतात. पण दारू प्यायलेल्या पुरुषजातीचा दाखला म्हणून तो कुणी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही.

कायदा इथे स्त्री-पुरुष बघत नाही, हे मात्र मान्य करते. एडवर्ड कोक सतराव्या शतकात म्हणून गेला की स्वतःहून प्यायलेल्याला माफी नाही. तेच तत्त्व १८६० च्या दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ होऊन आपल्याकडे आलं, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २३ आणि २४ म्हणून बसलं. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच सुटकेची वाट. ज्यूडिथला आजही खुनाची शिक्षा झाली असती, आणि ती चुकीची ठरली नसती. फाशीचं सांगवत नाही.

ओल्ड बेलीच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. हा खटला वाचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. वाचाल तेव्हा तिच्या आईची साक्ष गाळू नका.