पडद्यावरील अलौकिकत्व आणि स्वमग्नता
लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझमचे वर्णन केले. मराठीत त्यास ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. पुढे पडद्याने या अवस्थेला अलौकिकत्वाचे वलय दिले. ‘रेन मॅन’ (१९८८) या चित्रपटातील स्वमग्न रेमंड आकडेमोडीत अचाट आहे. ‘अल्फाज्’ (२०११-१२) या अमेरिकी मालिकेतील स्वमग्न गॅरी बेल तर हवेतील विद्युत्-चुंबकीय लहरी पाहू शकतो. आपल्या ‘शक्तिमान’ने (१९९७-२००५) सामर्थ्य योगसाधनेने मिळविले, येथे मात्र ते जणू उणिवेची भरपाई म्हणून येते. अशी भरपाई ज्याच्यापाशी नाही, त्या मुलाने काय करावे? २००९ साली सुरू झालेल्या ‘आपकी अंतरा’ या हिंदी मालिकेने निराळी वाट धरली. तिचा भर स्वमग्न मुलीला समजून घेऊ पाहणाऱ्या कुटुंबावर होता. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो केला. हे हक्क देताना कायद्याने अलौकिक शक्तीची अट घातली नाही. सचिनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांनीही ती घालू नये.