इंजिनातला दिवाणजी

पणतीची वात जरा पुढे सरली की ज्योत फरफरते आणि कोनाड्याला काजळी धरते. वात आखडली की दिवा मिणमिणू लागतो. तेल आणि वारा यांचे जमले तर उजेड, न जमले तर धूर, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या इंजिनाचा अर्धाअधिक इतिहास म्हणजे ही वात पुढेमागे सारण्याचा इतिहास आहे, असे मी म्हटले तर जाणत्यांनी रागावू नये. वात सारण्याचा हा अधिकार माणसाच्या हातातून एका बंद डबीकडे कसा गेला, आणि ती डबी उपटून फेकावी असे शहाण्यासुरत्या माणसांनाही का वाटले, ही कथा मोठी मौजेची आहे. तिचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचतो.

पेट्रोलच्या इंजिनाला दोन हिशेब सांभाळावे लागतात. पहिला मिश्रणाचा. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. दुसरा हिशेब ठिणगीचा. पेट्रोल जळायला क्षणाचा का होईना, अवकाश लागतो. म्हणून इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ साली आली, तेव्हा ठिणगीचा हिशेब चालकाच्याच हाती होता. सुकाणूच्या चाकाखाली दोन दांड्या असत; डावी ठिणगीची, उजवी इंधनाची. चालक इंजिनाचा आवाज ऐके आणि डावी दांडी खालीवर करी. पुढे हे काम यंत्रानेच उचलले. मिश्रण कार्बोरेटर करू लागला. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन लहान वजने बसवली. गोफणीतला दगड जसा बाहेर ओढ घेतो, तशी ती वेगाबरोबर बाहेर फाकत आणि ठिणगी आधी पाडीत. जोडीला निर्वाताने ओढला जाणारा एक पडदा असे. सारा कारभार डोळ्यांना दिसणारा आणि पेचकसाने दुरुस्त होणारा!

अमेरिकेत १९६४ साली ‘पाँटिअॅक जीटीओ’ निघाली आणि मध्यम आकाराच्या गाडीत भले दांडगे इंजिन बसवण्याची चढाओढ लागली. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात; आपण पैलवान गाड्या म्हणू. पण या पैलवानांच्या श्वासाने इतरांचा श्वास कोंडू लागला होता. लॉस एंजेलिसवर धुरकट पडदा पसरे, डोळे झोंबत. हॉलंडात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विष तयार होते. पुढे १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. १९७५ च्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी भांडी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसू लागली. या भांड्यांची सुधारित जात मोठी सोवळी निघाली. मिश्रण जरा हलले की तिचे काम बिघडे. तेव्हा धुराड्यात प्राणवायूचा अंदाज घेणारा एक पहारेकरी बसवला, आणि त्याच्या वर्दीवरून मिश्रण क्षणोक्षणी दुरुस्त करणारा संगणक नेमला. जनरल मोटर्सने १९८१ साली आपल्या बहुतेक सगळ्या गाड्यांत हा दिवाणजी बसवला. त्याच्या हुकुमाने कार्बोरेटरमधली सळई सेकंदाला दहा वेळा खालीवर होई.

मालकांना हा दिवाणजी रुचला नाही. झाकण उघडावे तो आत तारांचा आणि रबरी नळ्यांचा गुंता! गाडीची ताकद यानेच खाल्ली, असा समज पसरला. वस्तुतः ताकद आधीच उतरली होती. शिशाविना पेट्रोल चालावे म्हणून १९७१ च्या सुमारासच कंपन्यांनी इंजिनातला दाब कमी केला होता. पण घरातले काही हरवले की संशय नव्या नोकरावर येतो. लोकांनी संगणक उपटायला सुरुवात केली आणि त्यांना एक धडा मिळाला. नुसती तार काढली तर ती सळई वर जाऊन बसते आणि इंजिन भसाभसा पेट्रोल पिते. ठिणगीचाही हिशेब अडतो, कारण संगणकाच्या भरवशावर डिस्ट्रिब्यूटरमधली वजने काढून टाकलेली असतात. म्हणजे कार्बोरेटर जुना आणावा, डिस्ट्रिब्यूटर जुना आणावा, आणि स्वयंचलित गिअरपेटीचे एक कुलूप संगणकाच्या हाती असते, त्याचीही वेगळी सोय लावावी. सारे एकत्र बदलले तर गाडी उत्तम धावते. अर्धवट केले तर नुसता धूर निघतो. दिवाणजीला काढायचा तर त्याच्या वह्या वाचता येणारा माणूस आधी घरात असावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या तरुणांची पैलवान गाडी चार चाकांची नव्हे, दोन चाकांची. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ साली ‘पल्सर’ आणली आणि २००७ साली तिची २२० सीसीची मोठी बहीण बाजारात उतरवली. तिच्यात कार्बोरेटर नव्हता; संगणकाच्या हुकुमाने पेट्रोलचा फवारा उडे. पण दोनच वर्षांत, २००९ साली, कंपनीने स्वतःच फवारा काढून कार्बोरेटर बसवला! गाडी स्वस्त झाली आणि ताकदही किंचित वाढली. अमेरिकेतल्या मालकांनी परसात जे केले, ते इथे कारखान्यानेच केले. नांदेड-लातूरकडच्या कितीएक पोरांनी या गाडीवर जीव टाकला. मात्र दिवाणजी पुरता गेलाच नव्हता. मिश्रणाची वही त्याच्याकडून काढून घेतली, तरी ठिणगीची वही एका विजेच्या डबीकडे राहिलीच. नावातले ‘डिजिटल’ हे विशेषण त्या डबीचेच.

आमच्या मुदखेडात एक उस्ताद आहेत. त्यांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, कार्बोरेटर बोलतो हो. कान लावला की कुठं दुखतंय ते कळतं. ही डबी मशीन लावल्याबिगर तोंडच उघडत नाही. अन् मशीन आहे नांदेडला.” या तीन-चार वाक्यांत एका सबंध धंद्याचे दुःख आहे. मुदखेड हे जंक्शनचे गाव. वाफेची इंजिने गेलेली आणि रुळांची रुंदी बदललेली त्याने पाहिली आहे. यंत्र बदलते तेव्हा लोखंडाबरोबर कुणाची तरी विद्याही भंगारात जाते, हे अशा गावाला कळते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा नियम आला आणि दुचाकींमधला कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पल्सर २२० मध्येही फवारा परतला. आता नव्या गाडीतून तो काढून जुने सामान बसवावे, असे कुणी पोरे विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा फेरफारांच्या आड येते. कायदा बाजूला ठेवला, तरी अंगणात खेळणाऱ्या लेकरांची छाती बाजूला ठेवता येत नाही. गाडी मालकाची असते. तिचा धूर साऱ्या गल्लीचा असतो.

मग उस्ताद चुकले का? मुळीच नाही. जी वस्तू आपण विकत घेतली, ती उघडण्याची, समजून घेण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा आपल्याला असावी, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. माझ्या मते भांडण संगणकाशी नसून त्याच्या कुलपाशी आहे. फोर्डच्या चालकाला दांडी दिसत होती. तिचा उपयोग तो अनुभवाने शिकला. या डबीची भाषा आमच्या तालुक्याच्या पोरांना शिकवली, ती वाचणारे यंत्र उस्तादांच्या फळीवर पान्ह्याशेजारी ठेवले, तर दिवाणजी काढण्याची गरज उरणार नाही. कान त्यांच्याकडे आहेतच. डबीला फक्त तोंड द्यायचे आहे. तोवर या सणाच्या दिवसांत पोरांनी गाडीची हवा-तेल तपासून, सावकाश घरी यावे. पणतीच्या वातीकडे तर घरातल्या आया लक्ष ठेवतातच!