सिंगापुरच्या तोफा

सिंगापुरच्या तोफांचीं तोंडें समुद्राकडेच खिळलेलीं होतीं, म्हणून तें ठाणें पडलें, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. चांगी येथील जोहोर बॅटरीच्या १५ इंची तोफा १९४२ च्या फेब्रुवारींत जमिनीकडे वळविल्या गेल्या व शत्रूवर डागल्याही गेल्या. परंतु त्यांचे गोळे जहाजांचें चिलखत भेदण्यासाठीं घडविलेले. ते जमिनींत खोल रुतत, पायदळाची हानि थोडी होई. शत्रु मलायांतून उतरेल, हा इशारा जनरल डॉबी यांनीं १९३७ सालींच दिला होता. तरी कोठारांत भरणा राहिला तो जहाजें फोडणाऱ्या गोळ्यांचाच. १५ फेब्रुवारीस सिंगापुर शरण गेलें. दोष तोफांचा नव्हे; इशारा ऐकूनहि तदनुरूप तयारी न करणाऱ्यांचा होता.