दादालोक आणि खबऱ्या

माझं आजोळ केशोरीचं. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, गडचिरोलीला लागून. केशोरी म्हटलं की लोकांना मिरची आठवते, मला आठवते मामाची एक सवय. तो 'नक्षलवादी' हा शब्द कधी उच्चारत नसे. 'दादालोक' म्हणायचा, नाहीतर नुसतं 'जंगलवाले', तेही आवाज खाली आणून.

त्यांचे स्वतःचे शब्द मात्र लांबून आलेले. 'वर्गशत्रू' रशिया-चीनच्या पोथ्यांतला. 'दलम' तेलुगू, कारण १९८०च्या सुमारास हे लोक गोदावरी ओलांडून सिरोंच्याकडून आले. 'जनताना सरकार' मधला 'ना' गोंडी. ज्यांच्यासाठी क्रांती, त्यांच्या भाषेतला एवढाच एक प्रत्यय!

या सगळ्यांत जड शब्द म्हणजे 'खबऱ्या'. पोलीस पाटील असो, चौकीपुढे चहा पिणारा पोरगा असो, एकदा हा शब्द चिकटला की पुरावा कोण विचारतो? मग 'जनअदालत', आणि सकाळी रस्त्यावर प्रेताशेजारी पत्रक. पत्रकात 'खून' कुठेच नसायचा, 'शिक्षा' असायची.

माओच्या चीनमध्ये १९५७ साली असाच 'उजवा' हा शिक्का निघाला. साडेपाच लाखांवर माणसांवर तो बसला, बऱ्याच ठिकाणी तर किती 'उजवे' शोधायचे याचा आकडा आधी ठरलेला. चिनीत याला 'टोपी चढवणं' म्हणत. (आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं. फार लांबचा अर्थ नाही म्हणा.) १९७८ नंतर त्यातल्या बहुतेकांच्या टोप्या उतरवल्या गेल्या, वीस वर्षं उशिरा का होईना. आपल्याकडे ज्याला 'खबऱ्या' म्हणून मारलं, त्याची टोपी कोण उतरवणार? त्याच्या बायकोपोरांना गावात तोच शब्द पुरतो.

सरकारी भाषाही काही फार गोड नाही. 'नक्षलग्रस्त' म्हटलं की आख्खं गाव रोगी. आणि 'मुख्य प्रवाह' म्हणजे नेमका कुठला, हे मामाला अजून कोणी समजावलेलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. हा पक्षाचा वैचारिक माणूस, कित्येक वर्षं पत्रकं काढणारा. त्याच्या केंद्रीय समितीनं लगेच पत्रक काढून त्यालाच 'गद्दार' ठरवलं.

मामाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "दादालोकांचं काही सांगता येत नाही बाप्पा." आवाज तेव्हाही खालीच होता.