पंधरा वर्षांची सवड

१९२०च्या दशकात अमेरिकेत घरावर मिळणारे कर्ज फार थोड्या मुदतीचे असे. बँका घराच्या किमतीच्या निम्म्या रकमेपर्यंत पैसे तीन ते पाच वर्षांसाठी देत. कर्जदार त्या काळात बहुधा फक्त व्याज भरी आणि मुदत संपली की सगळे मुद्दल एकरकमी देणे लागे. एवढी रक्कम क्वचितच कोणाच्या हाताशी असे, म्हणून दर खेपेला कर्जाचे नूतनीकरण होई. उरलेल्या पैशांसाठी चढ्या व्याजाने दुसरे गहाणखत करावे लागे. घरांचे भाव चढते होते तोवर हे निभावले. घर राहणार की जाणार, हे मात्र दर काही वर्षांनी सावकाराच्या मर्जीवर ठरत होते.

१९२९मध्ये महामंदी सुरू झाली आणि ती मर्जी संपली. ठेवीदार पैसे काढून नेऊ लागले, तेव्हा बँकांनी आपली रोकड धरून ठेवली आणि नूतनीकरण बंद झाले. व्याज कधीही न चुकवलेला माणूससुद्धा मुदत भरताच थकबाकीदार ठरू लागला. १९३३च्या पूर्वार्धात दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. लिलावात ती कवडीमोलाने जात आणि त्यामुळे शेजारच्या घरांचेही भाव पडत.

आधी राज्ये पुढे आली. मिनेसोटाने एप्रिल १९३३मध्ये कायदा करून लिलावानंतर घर सोडवून घेण्याची मुदत १ मे १९३५पर्यंत वाढवण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. त्या काळात घरमालकाने वाजवी भाडे भरायचे होते. दोघांत झालेला करार राज्याला असा लांबवता येतो का, हा प्रश्न ब्लेसडेल खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १९३४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. पण अशा स्थगितीने दिवस पुढे ढकलले जात, कर्ज जागच्या जागी राही.

कर्जाचा साचाच बदलला तो संघराज्य सरकारने. १३ जून १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने झालेल्या कायद्यातून होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन उभे राहिले. महामंडळ सावकाराला रोखे देऊन त्याच्याकडचे गहाणखत घेई आणि घरमालकाला नवे कर्ज देई. व्याज पाच टक्के, मुदत पंधरा वर्षे, रक्कम घराच्या ठरवलेल्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, पण १४,००० डॉलरच्या आत. थकलेले कर आणि दुरुस्तीचा खर्चही त्यातच धरला जाई. मुद्दल आणि व्याज एकाच समान मासिक हप्त्यात बसवले होते. हजार डॉलरमागे तो ७.९१ डॉलर येई. शेवटी एकरकमी भरायचे काही उरत नसे आणि खरी सुटका याच गोष्टीत होती. सावकार सुरुवातीला बिचकले, कारण सरकारची हमी रोख्यांच्या केवळ व्याजाला होती; एप्रिल १९३४मध्ये मुद्दलालाही हमी मिळाली आणि काम वेगाने पुढे गेले. जून १९३६पर्यंत सुमारे १९ लाख अर्जांतून दहा लाखांवर कर्जे मंजूर झाली. त्या कर्जदारांची थकबाकी सरासरी दोन वर्षांहून जुनी होती.

तरीही हप्ते पुन्हा थकले. ऑगस्ट १९३९च्या मीड-बॅरी कायद्याने मुदत पंचवीस वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली आणि त्याच वर्षी व्याज साडेचार टक्क्यांवर आले. मुदतवाढीची किंमत साध्या हिशेबातून दिसते. पाच टक्क्यांनीच हजार डॉलर पंचवीस वर्षांत फेडले, तर हप्ता ५.८५ डॉलरवर उतरतो, पण एकूण व्याज सुमारे ४२४ डॉलरवरून ७५४वर जाते. ज्याचे घर उद्या जाणार होते, त्याच्यासाठी हा सौदा तरीही योग्यच होता. एवढे करूनही पाचातले जवळपास एक घर महामंडळाला शेवटी ताब्यात घ्यावे लागले. ती घरे त्याने एकदम बाजारात न काढता भाड्याने देत सावकाश विकली.

या इतिहासाची काळी बाजू नकाशांत आहे. १९३५पासून महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांतील वस्त्यांची प्रतवारी केली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सर्वत्र लाल रंगात, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात गेल्या. महामंडळाची बहुतेक कर्जे त्याआधीच वाटली गेली होती आणि ती काही कृष्णवर्णीय कुटुंबांनाही मिळाली होती. मोठे नुकसान केले ते १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने. खासगी गृहकर्जाला सरकारी विमा देणारी ही संस्था अशा वस्त्यांना आपल्या लेखी नियमांनीच दूर ठेवत राहिली. लांब मुदतीचे स्वस्त कर्ज गोऱ्या उपनगरांना मिळाले, शहरांतील कृष्णवर्णीयांना नाही. हा अन्याय पुढे पिढ्यान्पिढ्या मालमत्तेतल्या तफावतीत उतरला.

त्याच संस्थेने महामंडळाचा साचा कायमचा केला. तिच्या विम्याखालची मुदत आधी वीस वर्षे होती, १९३८मध्ये पंचवीस झाली आणि १९४८मध्ये नव्या घरांसाठी तीस. महामंडळ १९५१मध्ये थोड्या नफ्यासह बंद झाले.

मुदत लांबवण्याचा उपाय पुढेही वापरला गेला. २००९च्या घरकर्ज-संकटात अमेरिकेच्या ओबामा सरकारने व्याज दोन टक्क्यांपर्यंत उतरवण्याची आणि त्यानेही न भागल्यास मुदत चाळीस वर्षांपर्यंत नेण्याची योजना आणली. या वेळी कर्जे सरकारने विकत घेतली नाहीत. वसुली करणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहनरक्कम देऊन बदल त्यांच्याकडूनच करून घ्यायचे ठरले. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना मदत पोचवण्याचे उद्दिष्ट गाठता आले नाही.