डेंग्यूची तीव्रता दर्शविणारे रक्तघटक
डेंग्यू तापाची तीव्रता ओळखण्यासाठी रक्तातील काही घटक मोजले जातात. रुग्णाच्या घरी चर्चा होते ती प्लेटलेटच्या संख्येचीच; परंतु केवळ तिच्यावरून धोका ठरत नाही. केशवाहिन्यांतून रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, पाझरू लागला की रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या आकारमानातील तांबड्या पेशींचा वाटा, वाढतो. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वा अधिक वाढ ही या पाझराची ठळक खूण मानतात. हे बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतानाच घडते. म्हणून ताप गेला की रुग्ण बरा झाला, हा समज घातक ठरू शकतो. दाहाचे निदर्शक असलेले फेरिटिन तीव्र आजारात बरेच वाढलेले आढळते. यकृताशी संबंधित एएसटी किंवा एएलटी हे विकर १००० एकक वा अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणानुसार तो तीव्र डेंग्यू होय.