नवा बूट आणि शिपायाचा पाय

नवी वहाण चावते. कुत्रे चावते, विंचू चावतो, तशी वहाणही चावते असे आपण म्हणतो. भाषेने तिला जणू सजीवच ठरवले आहे. त्यावरचे उपायही घरोघर ठरलेले असतात. रात्रभर तेल मुरवायचे आणि पहिले काही दिवस बेताने चालायचे. एवढ्याने आपले भागते, कारण अगदीच सोसवेना तर वहाण काढून हातात घेता येते. पलटणीतल्या शिपायाला ती मुभा नाही. म्हणून नव्या जोड्याचा इतिहास पाहायचा तर तो छावणीत जाऊन पाहावा.

आजच्या श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु सुमारे दोनशे वर्षे युरोपात डाव्या-उजव्याचा भेद नसलेलेच जोडे सर्रास वापरात होते. प्राचीन रोमन लोकांना हा भेद ठाऊक होता. पुढे 1600 च्या सुमारास उंच टाचेचे जोडे आले. टाचेच्या जोड्यासाठी डावे-उजवे अशी कलबुतांची जोडी कोरणे महाग पडे, तेव्हा कारागिरांनी एकाच सरळ कलबुतावर दोन्ही जोडे चढवले. जोडा पायाला लावून घ्यायचा म्हणजे वास्तविक पायच जोड्याला लावून घ्यायचा, असा तो काळ होता. दरबारी गृहस्थाला हे चालून जाई, कारण तो पालखीत नाहीतर घोड्यावर बसे. खरी किंमत मोजली ती पायदळाने.

या प्रकाराविरुद्ध पहिले आवाज उठले ते शरीरशास्त्रज्ञांचे. पेट्रस कांपर या डच पंडिताने 1781 मध्ये जोड्याचा उत्तम आकार कोणता यावर निबंध लिहिला. एवढा मोठा विद्वान आणि विषय काय तर जोडा, म्हणून लोकांना मौज वाटली असल्यास नकळे! पुढे 1858 मध्ये झ्यूरिकचे हेर्मान फोन मायर यांनी दाखवून दिले की, निरोगी पायात अंगठ्याच्या मधून काढलेली रेघ सरळ टाचेच्या मध्याशी जाते. चवड्याला मध्यभागी टोक काढणारा जोडा त्या अंगठ्याला आयुष्यभर आत दडपत राहतो.

या विचाराला लष्करी हुकुमाचे रूप आले ते अमेरिकेत. तेथील सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी इतरांच्या साहाय्याने शिपायांचे पाय वर्षानुवर्षे तपासले, नवे कलबूत सिद्ध केले आणि 1912 मध्ये शिपायाचा पाय व लष्करी जोडा या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युद्धखात्याचा हुकूम निघाला. पायाचे माप घ्यायचे ते शिपायाच्या पाठीवर 40 पौंडांचे ओझे असताना; कारण ओझ्याखाली पाय पसरतो आणि कूच काही मोकळ्या पाठीने होत नसते.

नवा जोडा चालता करण्याची रीतही त्या हुकुमात दिली आहे. शिपायाने जोडे घालून सुमारे अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहावे. कातडे भिजून मऊ झाले की सपाट जमिनीवर तासभर चालावे आणि जोडे पायातच वाळू द्यावेत. मग गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल अगदी थोडे चोळावे, म्हणजे कातडे ताठरत नाही व तडकत नाही. यात जादू काही नाही. कातडे म्हणजे तंतूंचे दाट जाळे. ओले असताना ते तंतू सरकतात, आणि वाळताना ज्या आकारावर ताणले असतील तो आकार धरून बसतात. चांभार कलबुतावर हेच करतो. हुकुमाने तीच क्रिया पुन्हा एकदा करवली, फक्त या खेपेस कलबूत लाकडाचे नव्हते. शिपायाचा स्वतःचा पाय होता. विस्तवाजवळ ठेवून बूट वाळवणारा मात्र कातड्याचा घात करतो.

मला या हुकुमातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्या शिपायांचे पाय स्वतः मापावेत आणि जोडे स्वतः घालून पाहावेत, असे त्यात बजावले होते. हे काम कारकुनावर सोपवून चालणार नव्हते. वरिष्ठाने कनिष्ठाच्या पायाला हात लावायचा! आपल्या समाजात याचा अर्थ फोड करून सांगायला नको. बाभळीची साल आणि हिरडा घालून ढोरांनी कातडे कमवावे, चांभारांनी कोल्हापुरी वहाण शिवावी, आणि अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या माणसाने मात्र सवर्णांच्या दारावरून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी, हा इतिहास काही फार जुना नाही. चावणारी वहाण हातात घेणे निराळे आणि ही निराळी.

एप्रिल 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या शिपायांचे जोडे मन्सनच्याच कलबुतावर बेतलेले होते, आणि आजही काही कारखानदार ते कलबूत त्याच नावाने वापरतात. पाण्यात उभे राहण्याची युक्ती मात्र आज कोणी घरी जाऊन लगेच करून पाहू नये. ती खिळ्यांनी व टाक्यांनी जोडलेल्या तळांच्या बुटांसाठी होती. आज पुष्कळ जोड्यांचे तळ नुसते चिकटवलेले असतात. त्यांना भिजवण्यापेक्षा जाड मोजा घालून रोज थोडे थोडे चालणे बरे.